टूसॉनचा बोडका मोगरा

सासूबाईंना नागपूरला परत जायचं होतं. आल्या होत्या लेकीच्या बाळंतपणाला, ते होतं मे महिन्यात, पण मार्च संपायच्या आतच म्हणाल्या, "माझं तिकीट प्रीपोन करून द्या." आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरला माणसं गॅरेजमधून निघतात नि गॅरेजमध्येच शिरतात. दिवसभर बोलायचं कोणाशी? बायकोला आई हवी होती, पण 'थांब' म्हणायला जीभ रेटत नव्हती. "तू त्यांना जरा रमव," असं तिने मला सांगितलं. म्हणजे सगळी आशा माझ्यावर. बघा!

मी टूसॉनचा बेत काढला. तिथल्या स्पॅनिश वळणाच्या जुन्या वस्तीत मातीच्या जाड भिंतींच्या पोटात अंगणं आहेत, कारंजी, कुंड्या, लिंबा-संत्र्याची झाडं. त्या रविवारी एका टूरसाठी काही घरं लोकांना बघायला खुली होती. दोन अंगणं झाल्यावर एक दार सताड उघडं दिसलं. टूरची पाटी नव्हती. पण उघडं दार म्हणजे 'या' असंच आम्हाला शिकवलेलं. उंबऱ्याशी चपला काढल्या नि शिरलो.

आत कोणी नव्हतं. कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत मोगरा बघून सासूबाई थबकल्या.

"नुसता पानांनी माजलाय हा! फुलणार कसा? जावईबुवा, पानं ओरबाडा."

"आई, दुसऱ्याचं झाड आहे ते!" बायको म्हणाली.

"म्हणून काय झालं? माझे गुडघे वाकत नाहीत, तुझं पोट वाकू देत नाही. हेच राहिले."

सासूबाईंनी आजवर मला एक काम सांगितलं नव्हतं. मी असा हुरळलो, की उकिडवा बसून झाड पार बोडकं केलं. तेवढ्यात एक वयस्कर बाई झारी घेऊन आतून आल्या. टूरच्या व्हॉलंटिअर असतील असं समजून मी ऐटीत म्हणालो, "या घरच्यांना झाडांतलं काही कळत नाही हो."

"हे माझं घर आहे," त्या म्हणाल्या, "आणि ते टूरमध्ये नाही." मग कुंडीकडे बघत, "ते माझं जास्मिन होतं."

त्यातला भूतकाळ मला लागला. दोन्ही मुठींत पानं घेऊन मी इंग्रजीत जी माफी मागितली, ती मलाही कळली नाही. सासूबाईंनी मला बाजूला सारलं. उघड्या फांदीच्या पेरावर बोट टेकवलं, मग पाची बोटांची कळी करून ती हळूच उमलवून दाखवली.

बाई हसल्या नाहीत. "आणि नाही फुललं तर?"

मी भाषांतर केलं.

"मे महिन्यात बघा म्हणावं. नाही फुललं, तर समोर उभी राहून शिव्या खाईन."

तेही केलं. बाईंनी थोडा विचार केला आणि झारी सासूबाईंच्या हातात दिली.

परतताना गाडी हायवेला लागली. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "तिकिटाचं राहू द्या. आत्ता गेले तर ती बाई म्हणेल, झाड ओरबाडून पळाली."

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, ते बघायच्या नादात माझा एक्झिट चुकला.