हुडकेश्वरचं धुकं

विमलताईंच्या कादंबऱ्यांना कांद्याचा वास यायचा. छापून आलेल्या पुस्तकांना नव्हे, हस्तलिखितांना. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात त्या हुडकेश्वरहून दोन बस बदलून नागपुरातल्याच सदरमधल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात यायच्या. तोंडाला दुपट्टा असा गुंडाळलेला की नुसता चष्मा दिसावा. पिशवीत वरती लू लागू नये म्हणून ठेवलेला कांदा आणि त्याच्याखाली कादंबरीची प्रकरणं. दुपट्टा सोडून, माठातलं दोन पेले पाणी पिऊन झालं की त्या कांदा बाजूला ठेवायच्या आणि पहिलं पान माझ्यापुढे सरकवायच्या. पानावर बर्फ पडत असायचा.

वीसेक वर्षं मी त्यांच्या कादंबऱ्या टाइप केल्या. वाचकांना ताई 'मृणालिनी देवदार' म्हणून माहीत होत्या. खरं नाव विमल खोरगडे. देवदाराचं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. हे नाव कुठून काढलंत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "देवदार म्हटलं की कसं थंड वाटते. खोरगडे म्हटलं की धुऱ्यावरचं भांडण वाटते." त्यांच्या सासरी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तीन पिढ्यांची भांडणं चालू होतीच.

त्यांच्या चाळीसच्या वर कादंबऱ्या आहेत आणि एकीतही कुणाला घाम येत नाही. नायक उंच, चहाच्या मळ्याचा मालक आणि बापाविना वाढलेला. त्याचा स्वेटर तेवढा दर कादंबरीत वेगळ्या रंगाचा. नायिका शाल विसरून फिरायला जाणारी. ती शाल विसरली नसती तर मराठीतलं निम्मं प्रणयवाङ्मय उपाशी मेलं असतं. मी एकदा भीत भीत म्हटलं, "ताई, एखादी प्रेमकथा आपल्या नागपुरात का नाही घडत?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी नायिकेला दाढी लावायला सांगतोय. "प्रेम थंडीतच होते गा," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस डिग्रीत कोणी कोणाचा हात धरते काय? चिकचिक होते नुसती. आपल्या इकडे लग्न होते, लेकरं होते, प्रेम होत नाही. त्याच्यासाठी वर जावं लागते."

वर म्हणजे पहाडावर. तिथं त्या कधी गेल्या नव्हत्या. लग्नाच्या वर्षी चिखलदऱ्याला निघाल्या होत्या, पण एसटी परतवाड्यालाच बंद पडली. स्टँडवर भजी खाऊन जोडपं परत आलं. पुढची सगळी हिमशिखरं त्यांनी शिंप्याच्या दुकानातून मिळालेल्या एका कॅलेंडरवरून लिहिली. त्यामुळे त्यांच्या बर्फाच्या उतारावर संत्र्याच्या बागा असत. मी चूक दाखवली की म्हणायच्या, "सफरचंद मी आजारी पडल्याशिवाय खाल्लं नाही. त्याचं काय वर्णन करू? संत्रं राहू दे." संत्रं राहायचं. एकाही वाचकानं तक्रार केली नाही. उलट एका बाईंनी पत्रात विचारलं होतं की ती बाग कुठे आहे, आम्हाला सहलीला जायचं आहे.

मोठ्या साहित्यिकांनी त्यांची दखल घेतली नाही. म्हणजे चारचौघांत घेतली नाही. एका वाचनालयानं त्यांचा सत्कार ठेवला होता. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले समीक्षक पाऊण तास 'वास्तवापासून पळ काढणाऱ्या वाङ्मया'वर बोलले. ताई पहिल्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन मान डोलवत होत्या. नंतर चहाच्या वेळी समीक्षक हळूच त्यांच्या बाजूला सरकले आणि म्हणाले, "ती डॉक्टरीण शेवटी त्याच्याकडे परत येते का हो? मिसेसनं विचारून ठेवायला सांगितलंय." ताई म्हणाल्या, "येते ना भाऊ. पण दुसऱ्या भागात. इकत घ्या."

आता त्यांचे यजमान, वामनराव. हे पाणीपुरवठ्याच्या कामावरून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांत वाकून व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात घालवली होती. बोलायचं तर तेवढ्यापुरतंच उघडायचं आणि बंद करायचं, असा स्वभाव झालेला. बायकोची एकही कादंबरी त्यांनी वाचली नव्हती. "तिले लिवाची आवड हाय, मले नाही वाचाची. जमते आमचं," एवढंच त्यांचं म्हणणं.

ताईंच्या लिहिण्याची एक रीत होती. होळी झाली की माळ्यावरचा कूलर उतरायचा. वामनराव त्याचा गंज घासत, रंग देत, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवत आणि तो मागच्या खोलीच्या खिडकीत चढवत. त्या दिवसापासून कादंबरी सुरू. दुपारी जेवणं आटोपली की ताई कूलरसमोर टेबल घेऊन बसायच्या. भिजलेल्या खसचा वास, तोंडावर येणारे बारीक तुषार, पंख्याचा झोत, पाण्याची खळखळ. हेच त्यांचं धुकं, हाच दरीतला वारा आणि हाच लांबचा धबधबा. पानांवर जागोजागी शाई फुटलेली असायची. आधी मला वाटे, बाई लिहिताना रडतात. नंतर कळलं की कूलरचं तोंड टेबलाकडे असतं. पावसाळा लागून कूलर माळ्यावर गेला की नायक-नायिकांचं लग्न लावून त्या मोकळ्या. डिसेंबरात, आपल्याकडे खरी थंडी पडते तेव्हा, त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. विचारलं तर म्हणायच्या, "थंडी लागून राहिली असली की थंडीचं काय लिहाचं?"

हुडकेश्वरला तेव्हा त्यांच्या गल्लीत टँकर यायचा. वामनराव टँकरचं पाणी ड्रमांत भरून ठेवत आणि दुपारी बाराला आणि दोनला खिडकीबाहेर उभं राहून पाइपानं कूलरची टाकी भरत. खिडकीपलीकडे त्यांचं टॉवेल गुंडाळलेलं डोकं हलताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. आत टेबलावर त्याच वेळी कुणीतरी कुणाच्या खांद्यावर शाल घालत असायचं.

मग त्यांचा पुण्याचा मुलगा आला. प्रशांत गुणी मुलगा, आईवर जीव. साठी उलटली तरी आई त्या डब्यासमोर बसून लिहिते हे त्याला बघवेना. त्यानं एसी आणला. दोन कारागीर आले, कूलर अंगणात काढून ठेवला आणि खिडकीला प्लायवूड ठोकून टाकलं. "आई, आता आरामात लिही," असं म्हणून तो पुण्याला गेला. ताईंनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून थंड हवा दाखवली. मीही पाहून आलो. दिवाळीच्या आधी प्रकाशकाला कादंबरी द्यायची होती. जाहिरातसुद्धा झाली होती.

पहिली पानं आली तेव्हा मला आनंद झाला. कोरडी, स्वच्छ, एकही अक्षर फुटलेलं नाही. टाइप करायला बसलो आणि थबकलो. तिसऱ्या पानावर नायक-नायिका कड्यावर भेटले, सातव्या पानावर नायिकेनं त्याला विचारलं की मळ्यात तुझ्या भावांचा हिस्सा किती. दहाव्या पानावर दोघं गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर घ्यायचं यावर बोलत होते. चाळीस कादंबऱ्यांत पहिल्यांदाच नायिका खऱ्या बाईसारखी बोलत होती. प्रकाशक हादरला. मला फोन करून म्हणाला, "यात धुकं कुठे गेलं? शोधा जरा, तुमच्याकडेच पडलं असेल."

ताईंनी खूप खटपट केली. एसी सोळावर ठेवून शाल पांघरून बसल्या. त्यांना सर्दी झाली, आणि त्याच आठवड्यात नायिकेलाही झाली. दोन प्रकरणं ती वाफच घेत होती. एसी बंद करून बसल्या, तर नायक चिडचिडा झाला. कॅलेंडर बदलून पाहिलं. मेच्या शेवटी लिहिणंच थांबलं. मी पानं न्यायला गेलो तर ताई कोऱ्या कागदासमोर बसलेल्या. नेहमी टोला हाणणारी ही बाई मला म्हणाली, "आटलं गा सगळं. मले दुसरं काय येते सांग? पोरगी होती तेव्हापासून हेच करून राहिली मी. हे गेलं तर मी नुसती खोरगडेबाई." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

बाहेर व्हरांड्यात वामनराव पाइपाचं वेटोळं पायाशी घेऊन बसले होते. दुपारचे दोन वाजले होते. ते उठले, इकडेतिकडे बघितलं, पुन्हा बसले. दाराच्या फटीतून ताईंना ते दिसलं. त्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय सांगू गा, इतके वर्षं मले वाटे, तो आवाज धबधब्याचा आहे. तो तर ह्यांच्या पाइपाचा होता." आणि मग थोडं रागावूनच, "कोणीतरी आपल्यासाठी उन्हात उभं आहे, असं वाटलं की लिहिणं येते. आता खोली थंड आहे, पण कोणीच नाही खिडकीत."

संध्याकाळी प्लायवूड निघालं. सत्तरीचे वामनराव स्टुलावर चढून कूलर बसवत होते आणि खालून ताई प्रशांतला फोनच्या स्पीकरवर सांगत होत्या, "चांगलाच आहे रे बाप्पा तुझा एसी. पाहुणे आले की लावू." प्रशांतला काही कळलं नाही. तो म्हणाला, आईचं वय झालंय. वामनराव वरून ओरडले, "वय झालं तं झालं, ताटी पकड वं आधी!"

त्यानंतर ताईंनी वीस दिवसांत जी कादंबरी लिहिली, तिच्यात पहाड नव्हता. मे महिना होता, हुडकेश्वरची गल्ली होती, टँकर होता. नायक म्हातारा, बनियनवर. तो सबंध कादंबरीत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं एकदाही म्हणत नाही. तो दुपारी दोनदा कूलरमध्ये पाणी भरतो आणि बायको आत बसून लांबच्या, देखण्या पुरुषांची स्वप्नं रंगवते. मी टाइप करताना दोनदा उठून तोंड धुऊन आलो. व्याकरणाच्या चुकांपलीकडे त्यांच्या लिखाणात मी पहिल्यांदाच अडकलो होतो.

प्रकाशकानं ती वाचून ताईंना बोलावलं. मी सोबत होतो. "ताई, भाषा छान आहे. पण यात प्रेम कुठे आहे?"

"पाणी भरते ना तो," ताई म्हणाल्या.

"वाचक रडतील ताई, पण विकत घेणार नाहीत. निदान नायकाचं वय तीसवर आणा. आणि हुडकेश्वर काढा, महाबळेश्वर टाका."

चाळीस कादंबऱ्यांत प्रकाशक म्हणेल ते बदलून देणाऱ्या विमलताईंनी पानं गोळा केली, पिशवीत घातली आणि उठल्या. "महाबळेश्वरले कूलर लागत नाही भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांचं पुस्तक तिथून पुढे कधीच निघालं नाही. जाहिरातीतली कादंबरी का आली नाही, म्हणून वाचकांची पत्रं येत राहिली. ताईंनी सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं: नायक कामात आहे.

मी माझ्याच दुकानात त्या कादंबरीच्या चार-पाच प्रती काढल्या, शिवून घेतल्या आणि वर मृणालिनी देवदार असं नाव टाकलं. ताईंनी ते खोडून स्वतःच्या हातानं विमल वामन खोरगडे असं लिहिलं. एक प्रत वामनरावांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "एवढी एक वाचा. मग काही म्हणणार नाही."

त्या गोष्टीनंतर ताई फार दिवस राहिल्या नाहीत. साध्या तापाचं निमित्त झालं. पण त्याआधी वामनरावांनी पुस्तक वाचून संपवलं होतं, आणि त्या दिवशी योगायोगानं मी तिथं होतो. त्यांना आठवडा लागला होता. चष्मा काढून त्यांनी पुस्तक मिटलं. ताई भाजी निवडत होत्या, पण हात थांबले होते. इतक्या वाचकांची पत्रं आलेली बाई या एका वाचकाकडे बघायलासुद्धा घाबरत होती.

"बरं लिवलं," वामनराव म्हणाले. "पण एक चुकलं."

"काय चुकलं?"

"दोनदा नाही, तीनदा भरावं लागते. बाराले, दोनले, मंग साडेतीनले."

"साडेतीनले कोठं भरता तुम्ही? मी काय पाहत नाही काय?"

"कशी पाहशीन वं? तू झोपून राहते तवा. टेबलावरच, पेन हातात. घोरते पण." ते माझ्याकडे वळून सांगू लागले, एखादी तांत्रिक बाब समजावून द्यावी तसं. "टाकी आटली का मोटर खडखड करते गा. झोपमोड होते तिची. म्हणून आधीच भरून ठेवाची. पाइप लावला तर आवाज होते, तवा मग्यानं भरतो, हळूहळू."

ताईंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. पुस्तक उघडून 'दोनदा' शोधलं, त्यावर काट मारली, 'तीनदा' लिहिलं आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडायला लागल्या. वामनराव एकदम घाबरून गेले. त्यांनी आधी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "काय झालं गा? नव्हतं सांगाचं काय?"