ध्यानाचं यंत्र आणि विहिरीची मोटर

ज्यांना ध्यानाच्या यंत्रांच्या जाहिराती दिसत असतात, त्यांच्यासाठी आज दुपारची गोष्ट लिहिते.

लेकीने पुण्याहून तसलं एक यंत्र आणलं. डोळ्यांवर लुकलुकत्या दिव्यांचा चष्मा आणि कानांत घुमणारा आवाज. यजमान गेल्यापासून मी घटकाभरही निवांत बसत नाही, ही तिची तक्रार. ती खरीच आहे. आमचं घर शेतातच आहे, सगळी मिरची विहिरीच्या मोटरीवर, आणि माझा कान सतत तिकडे.

"माय, डोया मिच अन् काहीच करू नको," ती म्हणाली.

"काहीच न करता बसाले मशीन लागस का?" मी म्हटलं, पण चष्मा लावला.

मिटल्या डोळ्यांसमोर लाल-पिवळे रंग सरकू लागले. आवाज एकसुरी होता. त्यात मी कधी हरवले, कळलं नाही. मग यंत्राचा तो आवाज एकदम थांबला आणि डोळे न उघडताच मी म्हणाले, "अहो, मोटर बंद पडनी. देखा ना जरा."

मी चष्मा काढला, तेव्हा लेकीने माझा हात धरला होता.

इतकी वर्षं मोटरीच्या आवाजात मी बिनघोर झोपले, कारण ती थांबली की उठणारे हे होते. तेव्हा शांत होण्यासाठी मला काही करावं लागत नव्हतं.

"आज मी देखस मोटर," लेक म्हणाली. "तू डोया मिचीसन बस."

मी बसले. चष्मा न लावता.

तुमच्या घरी मोटरीकडे कान कोणाचा असतो? त्या माणसाला कधी डोळे मिटायला मिळतात का?