एका रेघेचा पत्रा

हिंगण्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. टेबलावर दिवसभर यंत्राच्या भागांचे नकाशे काढायचो आणि सुटीच्या भोंग्याला फाटकावर कामगारांच्या हक्काची पत्रकं वाटायचो.

आमच्या ऑफिसात पातळ पत्रा एकाच जाड रेघेने काढायची पद्धत होती. कुणी जाडी दाखवायला दोन रेघा काढल्या, की मुख्य ड्राफ्ट्समन म्हणायचे, "रांगोळी घालून राहिला का?" तीन मिलिमीटर पत्र्याचा यू आकाराचा ब्रॅकेट मी तसाच काढला आणि तळाला माप टाकलं: चाळीस. ते आतून की बाहेरून, हे लिहिलंच नाही. पत्रा वाकवायच्या प्रेसवरचा जुना कारागीर माप नेहमी बाहेरून धरायचा, म्हणून कुणाचं कधी अडलं नव्हतं.

तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला माणूस सक्करदऱ्याहून सायकलने यायचा. कायम व्हायला त्याला पंधरा दिवस उरले होते. त्याने चाळीस आतून धरलं. प्रत्येक ब्रॅकेट सहा मिलिमीटरने रुंद झाला. एकही चौकटीत जाईना. अख्ख्या पाळीचा माल भंगारात गेला.

मुख्य ड्राफ्ट्समननी मूळ ट्रेसिंग माझ्यापुढे सरकवलं. "इथे 'बाहेरून' लिहून टाक. प्रेसवर गेलेल्या प्रती मी परत मागवतो."

"म्हणजे चूक त्याची ठरेल."

"मग काय तुझी ठरवू?"

मी पेन उचललं नाही. नकाशाची प्रत घेऊन थेट मॅनेजरकडे गेलो. चूक माझी आहे, त्याला काढू नका, असं सांगितलं.

"त्याने विचारलं का नाही?"

"विचारणाऱ्याला तुम्ही कामचोर म्हणता. काढायचं तर मला काढा."

ते शांतपणे म्हणाले, "तू पर्मनंट आहेस. तुला काढायला चौकशी बसवावी लागेल. त्याचं नाव उद्याच्या हजेरीत घेतलं नाही की झालं." नकाशाची प्रत त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली.

संध्याकाळी प्रेसवरचा तो नवा माणूस सायकल स्टँडवर माझी वाट पाहत होता. उद्यापासून येऊ नको, असं त्याला सांगून झालं होतं.

"मले एकदा दाखव गा, कोठून मोजाचं होतं?"

मी फरशीवर खडूने दोन रेघांचा यू काढला आणि मापाचे बाण बाहेरच्या रेघेला टेकवले. तो उकिडवा बसून पाहत राहिला.

"इतकंच?"

"इतकंच."

"हे तं मले तवाच समजलं असतं. काहून नाही काढली गा तू हे दुसरी रेघ?"

एकाच रेघेने वेळ वाचायचा, कारण एवढंच होतं. मी खडू खिशात टाकला.

"पत्रकात तं लय मोठमोठं लिहितं तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता घरी काय सांगू? रेघ कमी पडली म्हणून?"

त्याने हँडलला डबा अडकवला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक पत्रा दोन रेघांनी काढू लागलो. प्रेसवर तोवर तिसराच माणूस आला होता.