दात सुकेपर्यंत

ओल्या वस्तूकडे आमच्या सरांइतक्या आशेने पाहणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. जुईनगरला त्यांच्या सोसायटीत जिना धुतला की सर खालीच थांबत आणि कुठली पायरी आधी सुकते ते पाहून मगच वर जात. त्यांच्या घरी काकूंनी गच्चीवर पापड घातले की राखणीला आपणहून बसत. कावळे मात्र हाकलत नसत, नुसते पापड बघत. उरणला एका लग्नात ऐन जेवणाच्या वेळी ते मांडवातून नाहीसे झाले, तेव्हा बांबूवर टांगलेल्या बोंबलांसमोर सापडले. म्हणाले, "शेपटीकडून सुकतात बघ."

हे सर दातांच्या कॉलेजात संशोधन करत. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी आणणाऱ्या मला त्यांनी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. मुलाखतीत एकच प्रश्न होता, "कंटाळा लवकर येतो का?" का विचारलं ते नंतर कळलं. आमचं काम दात सुकताना बघण्याचं. दात किडत असेल तर डागाच्या जागी बारीक छिद्रं असतात आणि त्यांत पाणी असतं. हवेचा झोत मारला की ते पाणी उडून जातं, तेवढी जागा गार पडते आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात काळी दिसते. कीड थांबलेली असेल तर वरचा थर घट्ट होतो, पाणी बाहेर येत नाही, जागा फारशी गार पडत नाही. असा दात कोरायचा नाही, एवढाच सरांचा हट्ट. वाऱ्याने गडबड नको म्हणून पंखा बंद. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असू, सुकत फक्त दात. घणसोली गावात मी जिच्याकडे भाड्याने राहत होते ती मावशी सगळं ऐकून म्हणाली, "आमी बोंबील सुकवतो, तुजा सर दात सुकवतो. धंदा एकच हाय."

माझ्या पुढच्या दातावर लहानपणापासून तपकिरी डाग होता. हसताना माझा हात तोंडावर जाई. दादाने ओळखीच्या डेंटिस्टला दाखवलं, तेव्हा त्यांनी नुसतं पाहून सांगितलं की दात कोरून कॅप बसवावी लागेल. शनिवारची वेळही ठरली. सरांना कळलं तसं त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं.

पडद्यावर डाग काळाकुट्ट झाला. म्हणजे कीड चालू. मी उठायला लागले, पण सर पडद्यावरून नजर काढेनात. त्यांनी पुन्हा झोत मारला, पुन्हा तेच. मग ते पडद्याऐवजी माझ्याकडे बघू लागले आणि हसले.

"अगं, जीभ आवर. झोत लागला की तू डागावर जीभ फिरवतेस."

इतकी वर्षं तो डाग झाकायची सवय जिभेलाही लागली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. वाळत होती ती माझी थुंकीच.

"झाकू नकोस," ते म्हणाले. "मला तो कोरडा बघू दे."

त्यांनी जिभेखाली कापसाचा बोळा ठेवला आणि पुन्हा झोत सोडला. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. पडद्यावर डाग शेजारच्या दातासारखाच राहिला, काळा पडला नाही.

"ही केव्हाच थांबलीय. शनिवारी कुठे जायचं नाही."

मग त्यांनी आपला वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला. पुढचा दात नकली होता. "माझीही बहुतेक थांबलेलीच असावी. तेव्हा सुकेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी पंखा लावला. निकाल चांगला आला की ते नेहमीच लावत.

आता सर निवृत्त झाले आहेत. प्रयोगशाळेत एसी आला आहे, नवा कॅमेराही आला आहे. पेशंटना जीभ आवरायला मी सांगते आणि त्यांना हसू येतं, तेव्हा मीही हसते. हात खालीच असतो. निकाल चांगला आला की मात्र मी उठते आणि एसी चालू असतानाही थोडा वेळ पंखा लावते.