गाडीखालची स्वच्छ जमीन

मधूदादा गेल्याची बातमी नागपूर बसच्या ड्रायव्हरनं आणली. सौंसरच्या स्टँडवर मी संत्र्याच्या पेट्या चढवत होतो, तो खाली उतरून म्हणाला, "तुमचे मिस्त्री गेले ना परवा. तुमाले माहीत नाही?" चुलतभावाचं मरण परक्याकडून कळावं, ही सोय माझी मीच करून ठेवली होती.

आमच्या घराण्यात सगळे संत्र्या-कापसातले. मधूदादा एकटाच मोटारीखाली आडवा होणारा. त्याच्या भरवशावर मी एका वकिलाची म्हातारी मोटार घेतली. मला स्वतःला बॉनेट उघडता यायचं, बंद करता यायचं नाही. राज्यांची वाटणी झाली ते वर्ष. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी नागपूर तिकडं गेलं, आपण इकडंच राहिलो, हाच विषय. आणि माझ्या तोंडी एकच, इंजिनातलं तेल जातं कुठं?

दर आठवड्याला सळई बुडवावी तर तेल खुणेच्या खाली. मधूदादानं धूर पाहिला, निळा नाही, म्हणजे जळत नाही. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. "मंग गळूनच राहिलं, बाळ्या. मागचं सील गेलं असंन. गाडीखाली काही पडते का?"

"थेंब नाही. मी रोज सकाळी वाकून पाहतो."

खरंच पाहत होतो. आठ वाजता, हातात चहाची कपबशी घेऊन. जमीन लख्ख! तरी दादा म्हणे, इंजिन उतरवून पाहू दे. आता मी पडलो हुशार. गाडीला हात लावणारा तो एकटाच, हे माझ्या ध्यानात आलं, आणि ओसरीवर चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "जळत नाही, गळत नाही, मंग तुझ्याच डब्यात जात असंन, दादा."

पाहुणे हसले. मधूदादा चिंधीनं हात पुसत राहिला... "असंन," एवढंच बोलला. महिन्याभरात बिऱ्हाड उचलून नागपूरला गेला.

पुढं माय जामसांवलीच्या मारुतीपाशी आठ दिवस सेवेला राहिली. तिसऱ्या सकाळी गाडीखाली तेलाचं काळं थारोळं. घरात माणूस एक कमी, आणि अंगण सारवायचं राहिलेलं! ती आल्यावर विचारलं. "मंग काय तसंच ठेवू?" माय म्हणाली. "तांबडं फुटाच्या आधी सारा अंगण सारवतो मी, गाडीखाली हात घालून. लक्ष्मीनं काय तेलावर घसरत यावं?"

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलं?"

नागपूर बसनं अडीच तास. पण मी म्हणत राहिलो, दादा आता दुसऱ्या राज्यात आहे... जसं काही नाक्यावर माझ्या माफीची झडती होणार होती. अशी दोन वर्षं गेली.

तेराव्याला मात्र वेळेवर पोचलो. निघताना वहिनीनं वर्तमानपत्राची एक पुडी हातात ठेवली. आत माझ्या मोटारीचं मागचं सील, नवंकोरं. "इथं आल्या आल्या आणलं होतं त्यांनी. म्हणत, बाळ्या रागीट हाय, पण एक ना एक दिवस बलावते."

सील आता माझ्या कपाटात, कागदासकट. दुसऱ्या मिस्त्रीच्या हाती देववत नाही. गाडी गळते, मी तेल ओततो. कोणी विचारलंच, तर सांगतो, जुनी गाडी आहे, चालायचंच.