मायक्रोमीटरवरचं बोट

वडील पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते आणि त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर होता, केसाची जाडीसुद्धा मोजणारा. कंपनीचा वेगळा, हा लाकडी डबीतला, घरचा. त्याला कुणी हात लावला तर त्याची खैर नसे. खंडेनवमीला मात्र तो देव्हाऱ्यापुढे पाटावर यायचा. वडील गेल्या वर्षीचं कुंकू पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि तेलकट अनामिकेनं कुंकवाचं नवं बोट टेकवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर डबी कुणी उघडलीच नाही, त्यामुळे त्यांचं शेवटचं बोट तिथेच राहिलं होतं.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. तडा गेलेल्या, तुटलेल्या पार्टचे अगदी जवळून फोटो काढणं हे माझं काम. यातला वैताग असा की जितकं जवळ जावं तितकं कमी दिसतं. नखाच्या जाडीएवढा पट्टा स्पष्ट, पुढचं-मागचं सगळं धूसर. लेन्सचं छिद्र बारीक केलं तर हा स्पष्ट पट्टा थोडा वाढतो, पण फारच बारीक केलं की सगळंच चित्र पुसट होतं. म्हणून कॅमेरा सरकत्या पट्टीवर बसवून केसाकेसानं पुढं सरकवायचा, चाळीसेक फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, प्रत्येकातला स्पष्ट तेवढा भाग उचल आणि एकच फोटो रचून दे. हे वडिलांना दाखवलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हणजे एका नजरेत काय दिसत न्हाई म्हण की."

त्या बोटाचा मला असा फोटो हवा होता. ठसा मायक्रोमीटरच्या गोलाईवर, त्यामुळे काही रेषा पुढं, काही मागं. मला सगळ्या एकदम स्पष्ट हव्या होत्या. त्यांचे फोटो घरात आहेत, लग्नातले, निरोप समारंभातले, पण मला त्यांचा हात हवा होता. फार आठवण येत होती त्या हाताची, आणि त्यातलं एवढंच उरलं होतं.

गुरुवारी, सुट्टीच्या सकाळी, निगडीच्या घरात जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. फ्रीजच्या थरथरीनंही फोटो हलतो म्हणून तो बंद केला. दूध नासेल म्हणून आईनं कुरकुर केली. अंदाज घ्यायला आधी सहाच फोटो काढले, कॅमेरा मोठ्या टप्प्यांनी सरकवत. उजेड बरोबर होता. फक्त ठशावर कापसाचा एक तंतू पडला होता आणि स्क्रीनवर तो दोरखंडाएवढा दिसत होता.

आता कामावर माझा नियम आहे: फोटोआधी पार्ट स्पिरिटनं पुसायचा, नाहीतर धुळीची रेघसुद्धा तड्यासारखी दिसते. यावरून मी हाताखालच्यांना किती झापलं असेल. हात सवयीनं गेला. स्पिरिटचा बोळा उचलला आणि एका झटक्यात सगळी गोलाई पुसून काढली. पोलाद लख्ख झालं, बोळा लाल.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. बोळा खाली ठेवायचंही सुचेना.

शेवटी होते ते सहा फोटो रचले. ठसा आला, पण पट्ट्यापट्ट्यांनी, मधलं सगळं धूसर. आईला बोलावून काय केलं ते सांगितलं. ती रागावली नाही. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली.

"त्यांचंच हाय. असंच वाकडं टेकवायचे," ती म्हणाली. मग स्क्रीनच्या कडेला हात नेत विचारलं, "आन् माझं कुठं गेलं?"

तुझं कसलं, मी विचारलं. मग तिनं सांगितलं. शेवटच्या खंडेनवमीला वडिलांचा हात फार कापत होता, म्हणून तिनंच त्यांचं बोट धरून टेकवलं होतं. टेकवताना तिचंही बोट मागच्या अंगाला उमटलं होतं. मी पुन्हा फोटो पाहिले. सहाही फोटोंत तिथं नुसता धूसर लाल डाग होता. तिथवर मी कॅमेरा नेलाच नव्हता.

मी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला. ती मागं सरकली. वडील गेल्यापासून तिनं कुंकवाला हात लावला नव्हता.

"मी कसं लावू?"

"तुझं होतं ना तिथं? मग लाव."

तिनं तेलाचं बोट कुंकवात बुडवलं, जरा थांबली आणि मागच्या अंगाला, आपल्या जागी टेकवलं.

या वेळी मी पूर्ण चाळीस फोटो काढले. दूध नासलं तर नासलं. धुळीचा कणसुद्धा पुसला नाही. रचून झालेल्या फोटोत तिच्या बोटाची रेघ न् रेघ दिसते, विळीवर कापल्याची जुनी खूणही दिसते. त्याच्या शेजारी, वडिलांचं बोट होतं तिथलं पोलादही तितकंच स्पष्ट आलं आहे, आणि त्यावर काहीच नाही.