व्हॅलेरियनची आठ टक्क्यांची बिअर

सॅम्युएल झिराडकर आणि व्हॅलेरियन तुस्कानो यांची पहिली भेट झाली, तेव्हा कॅनडातल्या विंडसर शहरावर युद्ध कोसळलं होतं. निदान सॅम्युएलला तसं वाटलं. तो ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता, आणि शेजारच्या बेसमेंटमधून एकामागून एक असे धडाके झाले की नदीपलीकडच्या डेट्रॉइटने अखेर तोफा डागल्या अशी त्याची खात्री पटली. खारी झाडांवरून टपाटपा पडल्या. समोरच्या ठार बहिऱ्या म्हातारीने दारात येऊन ‘कम इन, कम इन’ म्हटलं. मग शेजारचं दार उघडलं आणि नखशिखांत फेसाने माखलेला एक अक्राळविक्राळ प्राणी बाहेर आला. फेस गळत गेला तसा प्राणी आटत गेला, आणि शेवटी जेमतेम सव्वापाच फुटांचा एक गृहस्थ उरला. तो आभाळाकडे बघून म्हणाला, “आयला, बाटल्यांत साखर जास्त झाली!”

परदेशी बर्फात गुडघाभर रुतलेल्या माणसाच्या कानावर अचानक ‘आयला’ पडलं की त्याचं काय होतं, ते सांगून कळायचं नाही. सॅम्युएलने फावडं टाकलं.

“वसईचे का?”

“गिरीज. तुम्ही?”

“झिराड. अलिबागजवळ.”

“मग बाहेर काय उभे? आत या. तीन बाटल्या वाचल्यात.”

तेव्हापासून सॅम्युएल त्या बेसमेंटचा कायमचा पाहुणा झाला. व्हॅलेरियन दिवसा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात जायचा आणि सुट्टीला बिअर उकळायचा. बिअर चांगली असायची, नुसती पातळ. पण पातळपणाचं दुःख करायला तेव्हा कारण नव्हतं.

कारण नंतर आलं. कारखान्याने सीटची लाइन बंद केली. छप्पन्नाव्या वर्षी व्हॅलेरियन जागोजागी अप्लाय करत सुटला. कुणी उत्तर देईना, आणि जे देत ते त्याचं इतकं कौतुक करत की नोकरी द्यायची राहूनच जाई. तो दाढी करायचा बंद झाला. त्याची बायको युनिस सॅम्युएलला दाराबाहेर गाठून हळूच म्हणायची, “सॅमभाऊजी, हा आता माझ्याशी भांडतसुद्धा नाही हो.”

मग केव्हिन भेटला. एका जुन्या गॅरेजमध्ये त्याने छोटी ब्रुअरी काढली होती आणि त्याला मदतनीस हवा होता. तो म्हणाला, “आठ टक्क्यांची, भरपूर हॉप्सवाली, कडू आयपीए बिअर आण. साखर न घालता, नुसत्या मॉल्टची. जमली तर जागा तुझी.”

आता अल्कोहोलचे आठ टक्के हे काही देवाला नवस बोलून येत नाहीत. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. तो गरम पाण्यात भिजवून त्याची साखर पाण्यात उतरवायची, मग ते पाणी उकळून हॉप्सची कडू फुलं टाकायची. साखर किती उतरली ते हायड्रोमीटर नावाची तरंगती काचेची नळी सांगते. साध्या पाण्यात ती हजार दाखवते. यीस्ट त्या साखरेचीच दारू करतं, म्हणून आठ टक्क्यांसाठी व्हॅलेरियनला हजार ऐंशी हवे होते, आणि नळी दर वेळी हजार बासष्टवर येऊन हटून बसायची.

त्याने मॉल्ट वाढवला, तर पातेलं भरलं आणि अर्धी साखर दाण्यातच अडकून राहिली. त्याने नळी बदलली. नव्या नळीनेही बासष्टच सांगितलं.

दोष कुठे होता ते सॅम्युएलला दिसत होतं. उकळून उकळून पाणी आटायचं, उरलेल्यातलं हॉप्स पिऊन टाकायचे. जावयाचे मित्र पितात तसे, निर्लज्जपणे. बादली अर्धीच भरायची. त्या अर्ध्या बादलीत ऐंशी असायचे! पण व्हॅलेरियनच्या आईने पंधरा माणसांच्या घरात स्वयंपाक केला होता. दारात कुणी आलं की कालवणात तांब्याभर पाणी, हा त्या घराचा कायदा होता. अर्धं भांडं पुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला ‘जा’ म्हणणं. व्हॅलेरियन अर्धी बादली बघायचा आणि त्याचा हात आपोआप पाण्याकडे जायचा; तांब्याभर ओतलं की ऐंशीचे बासष्ट.

“वॅली, कमी कर, पण कडक कर,” सॅम्युएल कळवळून सांगायचा.

“एवढीशी? लोकांना काय चमच्याने वाढू?”

“लोक कोण? एकटा केव्हिन पिणार आहे!”

“आणि त्याच्याबरोबर कुणी आलं तर?”

शेवटच्या खेपेला मात्र व्हॅलेरियनने कबूल केलं. हॉप्स संपत आले होते, केव्हिनची मुदतही. फक्त दिवस नेमका वल्हांडणातला निघाला. वल्हांडण हा ज्यूंचा सण, आणि सॅम्युएल कोकणातला बेने इस्राएल ज्यू; त्या आठवड्यात त्याला आंबवलेलं धान्य वर्ज्य. शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये उभं राहायला धर्मशास्त्राची बंदी नव्हती, पण सॅम्युएलच्या आईच्या शास्त्रात होती, आणि ते जास्त कडक होतं. म्हणून तो बाहेर ड्राइव्हवेवर, बेसमेंटच्या बुटक्या खिडकीपाशी उकिडवा बसला.

आत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. पातेलं आटत गेलं. व्हॅलेरियनने नळी सोडली, वाकून बघितलं आणि खिडकीकडे वळून दोन्ही हात वर केले. ऐंशी! कित्येक महिन्यांनी सॅम्युएलने त्याचे दात बघितले. सॅम्युएल थंडीत एकटाच टाळ्या वाजवत बसला.

मग व्हॅलेरियनने यीस्ट टाकलं, मागे सरकला आणि बादलीकडे बघत उभा राहिला. बादली अर्धी होती. वरून युनिसने हाक मारली, “झाली का रे? आज मला पण दे हां थोडी चाखायला!”

सॅम्युएलने त्याचा हात पाण्याच्या किटलीकडे जाताना पाहिला. त्याने काच बडवली. “वॅली! नको! अरे, वॅली!”

व्हॅलेरियनने मान वर केली तेव्हा किटली रिकामी झाली होती.

सॅम्युएल धावत आत शिरला. आईचं शास्त्र दाराबाहेरच राहिलं. व्हॅलेरियन जिन्याच्या पायरीवर बसला होता.

“परत उकळ ना.”

“यीस्ट मरेल. हॉप्सचा वास उडेल. दुसरे हॉप्स नाहीत.” तो आपल्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. “सॅम, मला कळत होतं रे. ओततानाच कळत होतं.”

सॅम्युएल त्याच्या शेजारी पायरीवर बसला. युनिस ग्लास घेऊन खाली आली, दोघांची तोंडं बघितली आणि ग्लास तसाच घेऊन वर गेली.

केव्हिनने बिअर चाखली. छान आहे, उन्हाळ्यात चालेल, म्हणाला.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. व्हॅलेरियन आता विमानतळाजवळच्या एका गोदामात खोक्यांना लेबलं लावतो.